पायाचा नंबर दहा

प्लेबोट, म्हणजे नदीच्या लाटेवर खेळायची आखूड कयाक, निवडताना माझ्या चौदा वर्षांच्या अनुभवापेक्षा माझ्या पायाचा नंबर अधिक उपयोगी पडला, हे मान्य करायला मला बराच वेळ लागला. कोलाडची कुंडलिका, ऋषीकेशची गंगा आणि दोन हिवाळे नेपाळची त्रिशूली, एवढ्या नद्यांवर मी कयाक चालवली आहे. या सगळ्या वर्षांत माझ्याकडे एकच होडी होती: साडेआठ फूट लांबीची, घागरीसारख्या गोल पोटाची, पुढून आणि मागून फुगीर अशी क्रीक बोट. रॅपिडमध्ये, म्हणजे नदीच्या खळाळत्या उतारात, ती पूर्ण पाण्याखाली गेली तरी बुचासारखी उसळून वर येते, नाक आपोआप बाहेर काढते आणि आत बसलेल्याला पुढच्या लाटेआधी एक श्वास मिळवून देते. तिने मला इतके सांभाळून घेतले होते, की त्यातले निम्मे श्रेय मी नकळत स्वतःच्या नावावर जमा करून टाकले होते.

नाशिकहून कोलाडला पोहोचायला पाच-सहा तास लागतात. कारखान्याच्या सुट्ट्या, मुलीच्या परीक्षा आणि घरातली लग्नकार्ये वजा केली, तर खळाळत्या पाण्यावरचे माझे दिवस वर्षाला वीस-बावीसच्या वर जात नाहीत. त्यातही गेली दोन-तीन वर्षे असे होऊ लागले होते, की कुंडलिकेच्या त्याच टप्प्यातून खाली जाताना हात आपले काम करत असायचे आणि डोक्यात सोमवारी सुटे करायचे असलेले कन्व्हेयरचे गिअरबॉक्स फिरत असायचे. नदीवर असताना कारखाना आठवू लागला की काहीतरी बदलायला हवे, एवढे मला कळत होते. अवघड नदी शोधत लांब जाणे हा एक मार्ग होता. पण शेहेचाळिसाव्या वर्षी आणि वर्षाला वीस दिवसांच्या सरावावर तो शहाणपणाचा नव्हता. दुसरा मार्ग सोप्या नदीला अवघड करून घेण्याचा होता, आणि प्लेबोट नेमके तेच करते.

ज्यांनी ही होडी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. समुद्रात लाट पुढे सरकते आणि पाणी बहुतांशी जागच्या जागी राहते. नदीत याच्या उलट असते. पाणी धावत असते आणि तळातल्या खडकामुळे उठलेली लाट मात्र तासन् तास एकाच जागी उभी असते. त्या उभ्या लाटेच्या उतारावर, वरच्या अंगाला तोंड करून थांबता आले, तर नदी खालून निघून जाते आणि आपण तिथेच राहतो. प्लेबोट या थांबण्यासाठी आणि थांबून उलटसुलट कोलांट्या मारण्यासाठी घडवलेली असते. तिची लांबी साधारण साडेपाच ते साडेसहा फूट असते, तळ सपाट असतो, कडा धारदार असतात आणि दोन्ही टोके चपटी असतात. या खेळाच्या स्पर्धेत एका फेरीला ४५ सेकंद मिळतात आणि तेवढ्यात जमतील तितक्या करामती करून दाखवायच्या असतात. एरिक जॅक्सन या अमेरिकी कयाकपटूने १९९३ मध्ये या प्रकाराचे विश्वविजेतेपद मिळवले, तेव्हाच्या होड्या आजच्या तुलनेत भल्या लांबलचक होत्या. नव्वदीच्या अखेरीस सपाट तळ आला आणि पुढच्या काही वर्षांत होड्या आक्रसत गेल्या. मी कयाक शिकलो तोवर हे सगळे होऊन गेलेले होते, तरी मी चौदा वर्षे गोल पोटाच्याच होडीत बसून होतो.

पहिल्यांदा प्लेबोटीत बसलो तो कोलाडला, एका ओळखीच्या गाईडच्या होडीत. कुंडलिकेचे हे पाणी मुळात मुळशी धरणाचे आहे. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रात त्याची वीज करून झाली की ते नदीत येते, त्यामुळे सकाळी नदी भरते आणि काही तासांनी ओसरते. राफ्ट पुढे निघून गेल्यावर आम्ही दोघे मागून निघालो. पहिल्याच वळणावर एका मोठ्या दगडाच्या आडोशाला, जिथे पाणी उलट फिरून संथपणे वरच्या दिशेने वाहते त्या एडीत मी थांबलो होतो, आणि तिथून मुख्य प्रवाहात शिरायचे होते. ही एडीची रेषा मी हजारो वेळा ओलांडली असेल. क्रीक बोटीत ती उंबरठ्यासारखी असते. पाय जरा उचलायचा आणि पलीकडे जायचे. या वेळी मी वल्हे मारले, नाक प्रवाहात गेले आणि त्याच क्षणी प्रवाह माझ्या पाठीमागच्या चपट्या शेपटीवर चढला. शेपटी खाली गेली, नाक सरळ आभाळाकडे उठले, आणि समोर नदीऐवजी सह्याद्रीचा कडा, मग ढग, मग हिरवे पाणी असे एकामागून एक दिसून मी पाठीवर पडलो. रोल मारून, म्हणजे आत बसल्याबसल्या वल्ह्याने होडी पुन्हा सरळ करून, वर आलो तेव्हा गाईड एडीत शांतपणे थांबला होता.

“सर, तुम्ही आरामखुर्चीत बसल्यासारखे मागे टेकता,” तो म्हणाला. “ही होडी पाण्यावर नाही बसत, पाण्यात बसते.”

त्या सकाळी मी अकरा वेळा उलटलो. अकराही वेळा रोल लागला, ही चौदा वर्षांची एकमेव कमाई म्हणता येईल. परतीच्या वाटेवर पेणजवळ चहासाठी थांबलो, कप उचलायला वाकलो आणि नाकातून कुंडलिकेची बारीक धार थेट चहात पडली. प्लेबोट चालवणारे नाकाला चिमटा लावतात ते मी फोटोंत पाहिले होते आणि तो नखरा समजत आलो होतो.

गाईडचे ते वाक्य घरी आल्यावर मी कागदावर मांडून पाहिले, कारण माझा स्वभाव असा आहे की आकडा दिसल्याशिवाय गोष्ट पटत नाही. माझे वजन ८१ किलो आहे, हेल्मेट, जॅकेट आणि ओले कपडे धरून आणखी ६ किलो, आणि क्रीक बोटीचे वजन २१ किलो. म्हणजे एकूण १०८ किलो. होडी तरंगायची तर तिने तेवढेच, म्हणजे साधारण १०८ लिटर पाणी बाजूला सारायला हवे. माझ्या क्रीक बोटीचे आकारमान जवळपास ३०० लिटर आहे, तेव्हा तिचा एक तृतीयांशाहून किंचित अधिक भाग पाण्यात असतो आणि बाकी सगळी होडी बाहेर, उसळी मारायला मोकळी असते. गाईडची प्लेबोट १७० लिटरच्या आसपासची होती आणि वजनाने जेमतेम १४ किलो. तिच्यात मी बसलो की १०१ लिटर, म्हणजे साठ टक्के होडी पाण्याखाली! माझ्या नितंबांची पातळी आणि नदीची पातळी यांत फारसे अंतरच उरले नव्हते. क्रीक बोटीत मी जिला स्थिरता म्हणत होतो, ती म्हणजे ही मोकळी राहिलेली दोन तृतीयांश होडी. आणि प्लेबोटीत जे करायचे, नाक पाण्यात खुपसायचे, शेपटी बुडवायची, होडी उभी करायची, त्या प्रत्येक गोष्टीच्या आड तीच येते. मला होडीत जे जे चांगले वाटत आले होते ते सगळे इथे दोष ठरत होते, आणि म्हणूनच निवड करताना माझा अनुभव मला सारखा चुकीच्या दुकानात नेत होता.

हा अनुभव मला पहिल्यांदा नेऊन उभा करी तो हाफ स्लाइस म्हणतात त्या होडीपाशी. तिचा पुढचा अर्धा भाग नदीहोडीसारखा भरलेला असतो आणि मागचा सुरीसारखा पातळ. नदी उतरताना नाक कोरडे राहते आणि वाटेल तेव्हा शेपटी बुडवून होडी उभी करता येते. पिरान्हा, डॅगर, जॅक्सन अशा सगळ्या मोठ्या कंपन्या गेल्या काही वर्षांत अशा होड्या काढत आहेत आणि माझ्या ओळखीच्या प्रत्येक अनुभवी माणसाने मला हीच घ्यायला सांगितली. कोलाडला किंवा ऋषीकेशला राहणाऱ्याला मीही तीच सुचवीन. माझा हात तिच्यावरून निघत नव्हता, आणि मला शंका आली तीही तेवढ्यासाठीच. जी होडी पहिल्याच दिवशी इतकी ओळखीची वाटते, ती मला पुन्हा आरामखुर्चीत बसवणार हे उघड होते.

शिवाय मी नाशिकला राहतो, आणि हा मुद्दा मी जितका टाळत होतो तितकाच तो समोर येत होता. नदीच्या गावात राहून नदी नसणे म्हणजे काय, हे नाशिककराला समजावून सांगावे लागत नाही. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो, पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्यूसेक सोडले याची चर्चा चहाच्या टपरीवर होते, आणि पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की गळ्याला, यावर अर्धे शहर पुराचा अंदाज बांधते. क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या माणसाला हे आकडे निव्वळ आकडे वाटत नाहीत. होळकर पुलावरून पूर पाहायला जमलेल्या गर्दीत मीही असतो आणि खालच्या तांबड्या पाण्यात उठलेल्या लाटांकडे पाहून हात शिवशिवतात. पण त्या पाण्यात झाडे, पत्रे, घाटावरच्या पायऱ्या आणि पुलांचे खांब सगळेच असते. ते खेळायचे पाणी नव्हे.

त्याहून फसवी जागा म्हणजे बंधारा. नाशिकच्या आसपास कोणत्याही दिशेला निघालात तरी कोल्हापूर पद्धतीचा एखादा बंधारा लागतोच. पावसाळ्यापूर्वी त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात, पण नदी फुगून भिंतीवरून वाहू लागली की पायथ्याशी एक सुबक, सरळ, या काठापासून त्या काठापर्यंत फेसाळणारी लाट उभी राहते, आणि प्लेबोटीचा नाद लागलेल्या माणसाला ती थेट हाक मारते. नदीतल्या नैसर्गिक होलमध्येही, म्हणजे खडकावरून पडलेले पाणी जिथे मागे वळते त्या जागीही, पाणी असेच उलट फिरत असते, पण त्याच्या दोन्ही कडांना कुठेतरी वाट असते. तिथून प्रवाह माणसाला बाहेर काढतो. बंधाऱ्याखालच्या पाण्याला कडाच नसतात, दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत असते. पडणारे पाणी खाली दाबते, पायथ्याचे पाणी पुन्हा भिंतीकडे ओढते आणि हा फेरा थांबत नाही. लाइफ जॅकेट घातलेला पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटेलच असे नाही. होडी घेण्याआधीच मी घरात सांगून ठेवले आहे, की मी एखाद्या बंधाऱ्यापाशी गाडी थांबवून टक लावून बघताना दिसलो, तर हॉर्न वाजवून मला तिथून हलवायचे.

आणि सोमेश्वरचा धबधबा? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. सोमेश्वरला नदी काळ्या बेसॉल्टच्या पायऱ्यांवरून उतरते, पाहायला सुंदर दिसते. पण त्या पायऱ्यांमध्ये कपारी आहेत आणि खोलीचा भरवसा नाही. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पाणी आणि गोटे मिळून बेसॉल्टचे काय करतात हे वेगळे सांगायला नको. प्लेबोटीत माणूस दिवसातून चाळीस वेळा डोके खाली करून पाण्यात जातो. डोक्याखाली निदान होडीच्या लांबीइतके तरी पाणी हवे, नाहीतर हेल्मेटची आणि खडकाची गाठ पडते. ऋषीकेशच्या गंगेचे मोठेपण हेच आहे, की ‘रोलर कोस्टर’ नावाच्या रॅपिडमध्ये लाटा मोठ्या असल्या तरी खाली पाणी खोल आहे आणि पुढे शांत डोह आहे.

तेव्हा माझा खरा हिशेब असा होता: वर्षाला वीस दिवस कुंडलिका आणि गंगा, आणि उरलेले सगळे रविवार गंगापूर धरणाचा फुगवटा, जिथे लाट म्हणजे लांबून गेलेल्या एखाद्या बोटीने उठवलेली. मला होडी निवडायची होती ती प्रामुख्याने स्थिर पाण्यासाठी. हे कागदावर लिहिताना मला चक्क अपमान वाटला. पण एकदा लिहिल्यावर बाकीचे प्रश्न भराभर सुटले. स्थिर पाण्यात होडी उभी करायला फक्त आपला कणा आणि आपले वजन असते, मदतीला प्रवाह येत नाही. म्हणून दोन्ही टोके पातळ हवीत. हाफ स्लाइसचे भरलेले नाक माझ्याच्याने तिथे बुडणार नव्हते. अगदी नव्या स्पर्धेच्या होड्यांत मधला भाग फुग्यासारखा भरलेला असतो, कारण त्यांना लाटेवरून हवेत उडायचे असते. ती हवाही स्थिर पाण्यात बुडवायला जड जाते आणि कुंडलिकेच्या लहान, वेगवान लाटांवर फार आखूड होडी मागे पडते, कारण होडी जितकी लांब तितका तिचा वेग राहतो. म्हणजे मला हवी होती ती थोडी जुन्या घडणीची, साडेसहा फुटांच्या आसपासची, नदीही उतरता येईल आणि खेळताही येईल अशी होडी. तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण कंपन्या तेच नाव ठेवून दर काही वर्षांनी साचा बदलतात आणि नावावर विसंबून घेतलेली होडी भलतीच निघते.

अशी होडी आपल्याकडे नवी मिळत नाही. परदेशातून मागवायची तर वाहतूक आणि आयात शुल्क धरून किंमत दुपटीच्या पुढे जाते. जुन्या होड्या मिळण्याचे आपल्याकडचे ठिकाण म्हणजे ऋषीकेश. तिथे हिवाळ्यात परदेशी कयाकपटू येतात आणि परत जाताना विमानाचे भाडे वाचवायला होड्या विकून जातात. फेब्रुवारीत मी ऋषीकेशच्या तपोवनला गेलो. दोन होड्या ठरवून ठेवल्या होत्या. नदी खाली गेलेली, बर्फासारखी गार आणि बाटलीच्या काचेसारखी हिरवी होती.

इथे मात्र माझा एक अनुभव कामी आला. तो नदीवरचा नव्हता. अंबडच्या आताच्या कारखान्यातल्या नोकरीआधी मी सहा वर्षे पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात काढली आहेत, आणि आपल्या गच्चीवरची काळी टाकी आणि ही कयाक एकाच पद्धतीने जन्माला येतात. पॉलिथिलीनची भुकटी पोकळ साच्यात भरायची, साचा भट्टीत घालून दोन आसांवर सावकाश फिरवायचा, म्हणजे वितळलेले प्लास्टिक आतल्या बाजूला सगळीकडे साय धरल्यासारखे चढते. याला रोटोमोल्डिंग म्हणतात. या पद्धतीत साच्याच्या कोपऱ्यांत आणि धारदार कडांत जाडी सांभाळणे सगळ्यात कठीण, आणि प्लेबोट म्हणजे तर सगळ्या कडाच कडा. नेमक्या त्याच कडा खडकावर घासतात. म्हणून मी होडी उन्हात उपडी ठेवायला सांगितली, कॉकपिटमधून, म्हणजे बसायच्या भोकातून, डोके आत घातले आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबलो. जिथे प्लास्टिक पातळ झालेले असते तिथे ऊन आत झिरपते. पहिल्या होडीच्या शेपटीच्या दोन्ही कडांना नखाएवढे दोन केशरी डाग पेटलेले दिसले. बाहेरून ती होडी छान पुसून ठेवलेली, चकचकीत होती. मालकाला मी काही बोललो नाही, फक्त त्यालाही आत डोके घालायला लावले.

दुसरी होडी रंगाने उडालेली, पोटावर ओरखड्यांनी भरलेली होती आणि सीटखाली एक पोचा होता. पोच्याची मला चिंता नव्हती. पॉलिथिलीनला आपला मूळ आकार आठवतो, उन्हात तापवून आतून दाबले की बहुतेक पोचे बाहेर येतात. मी तपासले ते सीटच्या बोल्टभोवती, कॉकपिटच्या ओठाखाली आणि पाणी काढायच्या बुचापाशी, कारण तडे तिथून निघतात. आणि एक विचारून घेतले, की प्लास्टिक साधे लिनिअर आहे की क्रॉसलिंक. क्रॉसलिंकमध्ये रेणूंच्या साखळ्या एकमेकींत कायमच्या गुंतलेल्या असतात; ते चिवट असते, पण एकदा तडकले की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे वेल्डिंग होत नाही. लिनिअर असेल तर सातपूरला बसून मी स्वतः सांधू शकतो. होडी लिनिअर होती.

मग पायाचा नंबर आला. माझा नंबर दहा आहे. प्लेबोटीचे नाक चपटे असायला हवे आणि माझे पाय त्याच नाकात असायला हवेत, या दोन गोष्टींचे जन्मजात वैर आहे. कोलाडच्या होडीत वीस मिनिटांत पायांना मुंग्या आल्या होत्या आणि दोन्ही अंगठे होडीच्या वरच्या प्लास्टिकच्या पत्र्याला टेकून बधिर झाले होते, पण तेव्हा उलटण्याच्या नादात ते जाणवलेच नाही. या वेळी मी बूट काढले, निओप्रीनचे मोजे घातले आणि तपोवनच्या त्या अंगणात होडीत जाऊन बसलो. मालक म्हणाला, छान बसतेय. मी म्हटले, अर्धा तास बसू द्या. तो हसला, आत गेला, दोघांसाठी लिंबू-आल्याचा चहा घेऊन आला. पंधरा मिनिटे झाली, पंचवीस झाली. गुडघ्यांवरचा पत्रा उंच होता, पायांच्या जागी दोन फुगवटे दिलेले होते, अंगठे टेकत होते पण दबत नव्हते. याच होडीचा एक लहान आकारही बाजारात असतो, आणि कंपनीच्या वजनाच्या तक्त्यात माझे ८१ किलो दोन्ही आकारांत बसतात. लहान आकार मला करामती लवकर शिकवील, अशी हाव मनात होतीच. पण होडीच्या आकाराला तक्ता दोन उत्तरे देत होता आणि पाय एकच देत होते. पंचेचाळीस मिनिटांनी मी उठून चालू शकलो, तेव्हा ५५,००० रुपयांना सौदा झाला. केशरी डागांची होडी त्याने मला ३५,००० ला देऊ केली होती.

होडी आठ दिवसांनी आडगाव नाक्याला ट्रान्सपोर्टच्या गोदामात आली. हमालाने ती दोन बोटांवर उचलून पाहिली आणि विचारले, “साहेब, बाळाला अंघोळ घालायची आहे का ही?” मागची सीट पाडल्यावर ती अख्खी गाडीच्या आत मावली, क्रीक बोट टपावर बांधताना दर वेळी जो अर्धा तास जायचा तो वाचला. घरी ती दिवाणखान्यात आली तेव्हा बायको म्हणाली, “अहो, ही निदान कपाटावर तरी ठेवता येईल.” मुलीने आत बसून पाहिले, तिचा पाय नंबर पाच, तिला नाकात ऐसपैस जागा होती, आणि हा तपशील मी मनात नोंदवून ठेवला.

मग दोन रविवार गेले ते होडी अंगाला बसवण्यात. प्लेबोट सैल असून चालत नाही. कंबर हलली की तिने त्याच क्षणी हलायला हवे, मध्ये बोटभर फट राहिली तर तेवढा निरोप उशिरा पोहोचतो. आयात केलेले फोमचे संच महाग आहेत. भद्रकालीत चपलांचे सामान विकणाऱ्या दुकानात ईव्हीए फोमच्या शीट मिळतात, त्याच तळव्यांच्या. दुकानदाराने किती जोड्या करायच्या म्हणून विचारले. फेव्हिकॉल एसआर लावायचा, दोन्ही बाजू सुकू द्यायच्या, मग एकदाच नेमके चिकटवायचे, चुकले तर सोडवता येत नाही. मी कंबरेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन थर चिकटवले, ब्रेडच्या सुरीने तासले, बसून पाहिले, पुन्हा तासले. डाव्या बाजूचा थर उजव्यापेक्षा पाव इंच कमी लागला. माझी कंबर वाकडी आहे हे मला चौदा वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

मार्चमध्ये होडी गंगापूरच्या फुगवट्यात पहिल्यांदा पाण्यावर गेली. मी आत बसून हात मांडीवर ठेवले, समोर नजर धरली आणि काठावरच्या मित्राने बाजूने फोटो काढला. होडीचे वरचे आणि खालचे दोन भाग जिथे मिळतात त्या रेषेवर सगळे काही कळते. फोटोत पुढची रेषा पाण्याच्या तीन बोटे वर होती आणि मागची पाण्यात बुडालेली, म्हणजे मी आरामखुर्चीतच होतो. सीट एक भोक पुढे घेतली. पुन्हा फोटो. आणखी एक भोक. आता दोन्ही टोके पाण्यापासून सारखीच वर होती, आणि ती सारखी झाल्याबरोबर होडी एकाएकी अस्वस्थ झाली. श्वास घेतला तरी नाक हलत होते.

नाकाला चिमटा लावून मी पुढे झेप घेतली, होडी कडेवर झुकवली आणि वल्ह्याने नाक खाली दाबले. पहिल्या दिवशी ते हातभर बुडाले आणि मला बाजूला फेकून वर आले. चौथ्या रविवारी ते खाली गेले आणि तिथे राहिले. होडी उभी, मी पायांवर उभा असल्यासारखा तिच्यात लटकलेला, वल्हे पाण्यावर सपाट टेकलेले, आणि कलत्या क्षितिजावर अंजनेरी तिरपी दिसत होती. मित्र काठावरून सेकंद मोजत होता. चारला मी पडलो. जवळच तराफ्यावर बसून जाळे ओढणारा एक कोळी हे सगळे महिनाभर बघत आला होता. त्याने हात थांबवून विचारले, “दर येळी फुडच्या बाजूनंच बुडवता, तिकडं भोक हाय का?”

चारच्या पुढे जायचे तर सीट आणखी एक भोक पुढे घ्यावी लागेल, असे फोटो सांगतात. पण ती पुढे घेतली की पाय नाकात आणखी पाऊण इंच शिरतात आणि अंगठे पत्र्याला लागतात. या शनिवारी टाचेखालचा फोम तासून काढायचा आहे. तिथे निदान अर्धा इंच निघेल, उरलेला पाव इंच कुठून काढायचा ते अजून ठरलेले नाही.